चालते घड्याळ

घड्याळ चालते, असे आपण मराठीत म्हणतो. ते पुढे जाते, मागे पडते, मध्येच अडते, आणि किल्ली द्यायचे राहून गेले तर रात्री कधीतरी मुकाट्याने थांबते. चालण्याची ही सारी क्रियापदे घड्याळाला आपण इतक्या पूर्वीपासून बहाल केली आहेत की त्यात काही नवल आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु गेल्या दहाबारा वर्षांत मनगटावर असे एक घड्याळ येऊन बसले आहे की जे स्वतः तर चालतेच, पण ते बांधणारा किती चालला याचाही हिशेब ठेवते. दिसायला ते वडिलांच्या घड्याळासारखे असते. गोल तबकडी, दोन काटे, कातडी पट्टा. फार तर तबकडीच्या खालच्या अंगाला एक लहानशी दुसरी तबकडी, तिच्यात एकच काटा, आणि भोवती शून्यापासून शंभरापर्यंतचे आकडे. त्या काट्याला वेळेशी काही कर्तव्य नाही. आज जितके चालावयाचे ठरविले होते त्यापैकी शेकडा किती झाले एवढेच तो सांगतो, आणि मध्यरात्र उलटली की निमूटपणे शून्यावर येऊन उभा राहतो.

या घड्याळाला बाजारात हायब्रीड म्हणतात. हा शब्द महाराष्ट्राला घड्याळाच्या दुकानात प्रथम भेटलेला नाही. तो शेतात भेटला. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि पुढील काही वर्षांत ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांतील चुलीपर्यंत जाऊन पोचला. कणीस भरघोस, पण भाकरीला चव नाही, अशी त्या ज्वारीची तक्रार जुनी माणसे वर्षानुवर्षे करीत राहिली. तक्रार करीत राहिली आणि खातही राहिली, हेही सांगितले पाहिजे. घड्याळाच्या या संकराविषयी बोलताना आम्हांस ती भाकरी वारंवार आठवते.

संकर म्हटला म्हणजे दोन निराळी कुळे आली. एक कूळ वेळ मोजणाऱ्यांचे, दुसरे पावले मोजणाऱ्यांचे. पहिल्याचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. दुसऱ्याचा सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक ही दोन्ही कुळे एकाच घरातली, नव्हे, एकाच खिशातली आहेत. मध्ये वाटण्या झाल्या आणि भाऊ वेगळे राहू लागले, इतकेच.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात ल लोक्ल नावाचे गाव आहे. तेथे आब्राहम-लुई पेरले हा घड्याळजी राहत असे. सन १७२९ ते १८२६ असे दीर्घ आयुष्य त्याला लाभले. खिशातल्या घड्याळाला रोज किल्ली देण्याचा जाच चुकवावा म्हणून त्याने १७७७ च्या सुमारास घड्याळाच्या पोटात एक हलते वजन बसविले. माणूस चालला की ते वजन हेलकावे खाई, आणि त्या हेलकाव्यांनी आतली कमान गुंडाळली जाई. जिनेव्हाच्या एका विद्वत्सभेच्या त्या वर्षीच्या कागदांत अशी नोंद आहे की, पंधरा मिनिटे चालले म्हणजे हे घड्याळ आठ दिवस चालते. या शोधाचा मान पेरलेचा की लिएजच्या ह्युबेर सार्तोंचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. सार्तोंने १७७८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपली रचना मांडली, तिचा पुरावा अधिक पक्का आहे. त्या वादात आज शिरावयाचे नाही. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, माणसाच्या चालण्यावर घड्याळ चालविण्याची कल्पना अडीचशे वर्षे जुनी आहे. आणि याच पेरलेने १७८० साली पावले मोजणारे यंत्रही केले, असे सांगतात. तसे झाले असेल तर त्यात आश्चर्य नाही. जे वजन प्रत्येक पावलाला हलते, ते कमान गुंडाळू शकते, तसेच एक दात्यांचे चाक एकेक दाता पुढे सरकवून पावलांची मोजदादही करू शकते. काम दोन, पण राबणारा गडी एकच.

त्या काळी पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील म्हणून टॉमस जेफरसन राहत होते. त्यांना मोजण्याचे विलक्षण वेड होते. त्यांनी तेथे पदमापक यंत्र वापरून आपली चाल तपासली आणि नोंदवून ठेवली. उन्हाळ्यातल्या संथ चालीने मैलाला दोन हजारांवर पावले पडतात, हिवाळ्यात झपाट्याने चालले तर ती सतराशेंच्या घरात येतात, असा त्यांचा हिशेब होता. १७८८ साली त्यांनी असेच एक यंत्र आपले मित्र जेम्स मॅडिसन यांना पाठविले. सोबतच्या पत्रात ते कसे बांधावे याची तपशीलवार सूचना आहे. घड्याळाच्या खिशाच्या तळाला भोक पाडावे, त्यातून दोरी खाली न्यावी आणि ती गुडघ्यापाशी बांधावी, म्हणजे पाय उचलला की दोरीला हिसका बसून आकडा पुढे सरकेल. पुढे राष्ट्राध्यक्षपदी बसलेली ही दोन माणसे विजारीच्या आत सुतळी ओवून फिरत आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे! १८३१ साली लंडनच्या विल्यम पेन याने ही दोरी काढून टाकली. त्याने यंत्राच्या आतच एक वजनदार दांडी बसविली. शरीराला बसणाऱ्या धक्क्याने ती खाली-वर होई. यंत्र खिशात टाकले की झाले. दिसायला ते थेट घड्याळासारखे होते. तीच गोल डबी, तीच तबकडी, तेच काटे.

पावले मोजण्याची गोष्ट निघाली की आपल्या देशातील एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. कुमाऊंच्या डोंगरातले शाळामास्तर नैनसिंग रावत यांना भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी डेहराडूनला शिकवून तयार केले आणि तिबेटात धाडले. परक्यांना तिबेट बंद होते. मोजणीची साखळी नेणे तर अशक्यच. तेव्हा नैनसिंगांचे पाय हीच साखळी ठरली. प्रत्येक पाऊल सारख्या लांबीचे पडावे अशी त्यांच्याकडून तालीम करून घेतली होती. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ. माळेत मणी १०८ असावयाचे, पण यांच्या माळेत १०० होते, आणि तेवढा बारीक फरक कोणाच्या ध्यानात आला नाही. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी कोरे कागद, त्यांवर टिपणे. असे चालत ते १८६५ साली काठमांडूहून निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. ल्हासाचे अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जगाला प्रथम नीटपणे कळली ती या माणसाच्या टिपणांतून. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

आता त्या माळेचा हिशेब करून पाहा. शंभर मणी, मण्याला शंभर पावले. म्हणजे माळेचा एक फेरा पुरा झाला की दहा हजार पावले. हा आकडा आज ज्याच्या मनगटावर असे घड्याळ आहे त्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. दिवसाला दहा हजार पावले चालावे, म्हणजे प्रकृती उत्तम राहते, असा सध्याचा लोकसमज आहे. आणि तो आला कोठून म्हणाल, तर नैनसिंगांच्या प्रवासानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६५ साली, जपानातून आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमुळे तेथे व्यायामाची हवा निर्माण झाली होती. ती साधून यामासा या कंपनीने कमरेला अडकवावयाचे एक पदमापक यंत्र काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपोकेई’, म्हणजे दहाहजार-पावले-मापक. नाव कानाला गोड, आकडा लक्षात राहण्याजोगा. दहा हजारांसाठी असलेले जपानी अक्षर चालणाऱ्या माणसासारखे दिसते, हाही एक योग. वैद्यकाने संशोधन करून आकडा काढला आणि मग यंत्र झाले, असा क्रम येथे नाही. आधी नाव झाले, आणि नावामागून आकडा जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. ते ७,५०० पर्यंत उतरत गेले, आणि त्यापुढे चालून विशेष फरक दिसला नाही.

आपल्याकडे जेवणानंतरच्या शतपावलीच्या नावातच आकडा आहे. पण शतपावली करताना शंभर मोजणारा माणूस आमच्या तरी पाहण्यात नाही.

असो. वाटण्या कशा झाल्या ते पाहू. पहिल्या महायुद्धात खिशातले घड्याळ मनगटावर आले. इंग्रज घड्याळजी जॉन हारवुड याने १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये आपोआप किल्ली बसणाऱ्या मनगटी घड्याळाचा हक्क नोंदविला. पेरलेचे वजन आता हाताच्या हालचालीने फिरू लागले. म्हणजे घड्याळाने चालणाऱ्याची शक्ती ठेवून घेतली, मोजणी मात्र सोडून दिली. पदमापक खिशातच राहिला आणि पुढे हौशी गिर्यारोहकांची चीज होऊन बसला. मग १९६९ च्या नाताळात सेको कंपनीने टोकियोत क्वार्ट्‌झचे ‘अ‍ॅस्ट्रॉन’ विक्रीस ठेवले. किंमत साडेचार लाख येन, एका मोटारीच्या तोडीची. पण महिन्याला पाच सेकंदांहून अधिक चूक नाही. वजन गेले, कमान गेली. स्वित्झर्लंडात १९७० साली नव्वद हजारांच्या घरात माणसे घड्याळाच्या धंद्यावर जगत होती. १९८८ पर्यंत ती तीस हजारांच्या आत आली. अचूकपणात हरलेल्या स्विस घड्याळाने मग रूपाचा आश्रय घेतला. वेळ काय, ती कोठेही दिसते. पण घड्याळ घालावे ते ऐटीसाठी, आठवणीसाठी, मुलाला देण्यासाठी, असे ते म्हणू लागले, आणि लोकांनी ते ऐकले. आजच्या हायब्रीडाला जे ‘जुने रूप’ हवे असते ते या पराभवातून वर काढलेले रूप आहे.

वजन गेले म्हटले खरे, पण ते परत आले. एस.टी. एकाएकी सुटली म्हणजे उभा उतारू मागे कलंडतो. त्याचे पाय गाडीबरोबर जातात, धड जागीच राहू पाहते. नव्या घड्याळातील गतिमापक याच तत्त्वावर चालतो. सिलिकॉनच्या कणाएवढ्या तुकड्यात, केसाहून बारीक कमानींवर, एक चिमुकले वजन टांगलेले असते. हात हलला की ते मागे राहते. त्यामुळे शेजारच्या पट्ट्यांशी त्याचे अंतर बदलते, आणि अंतर बदलले की विजेच्या साठ्यात फरक पडतो. तो फरक सेकंदाला अनेक वेळा वाचून आतले गणित ठरविते की हे पाऊल आहे की नुसता हातवारा. पेरलेचे वजन, पेनची दांडी आणि हा कण ही एकाच घराण्यातील तीन माणसे आहेत. गणिताची फसगत मात्र होते. जत्रेत हातगाडी ढकलणारा मैलभर जाईल, पण त्याची मूठ दांडीवर स्थिर असल्याने त्याची पावले पदरात पडावयाची नाहीत. उलट जागेवर उभा राहून टाळ वाजविणाऱ्याच्या खाती मात्र काही पावले जमा होतील. पंढरीच्या वाटेवर या यंत्राचा हिशेब किती खरा उतरेल याविषयी आम्ही साशंक आहो.

दोन भावांची गाठ पुन्हा पडली ती २०१४ साली. पॅरिसजवळच्या विदिंग्ज कंपनीने त्या वर्षी जूनमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिते’ नावाचे घड्याळ जाहीर केले. त्याची घडण स्वित्झर्लंडातली होती. प्रारंभी ज्या लहान तबकडीचे वर्णन केले ती याचीच. आत नाण्याएवढा विजेचा घट, तो आठ महिने पुरे. रोज रात्री घड्याळ विजेला लावून निजविण्याची कटकट नाही. फोनशी त्याचे बिनतारी संधान असे. परदेशी उतरले की काटे आपण होऊन तेथील वेळेवर फिरत. त्याच वर्षी सप्टेंबरात अ‍ॅपल कंपनीने आपले पडद्याचे घड्याळ जाहीर केले आणि स्विस मंडळींना पुन्हा १९६९ आठवले. २०१५ च्या फेब्रुवारीत जिनेव्हाच्या फ्रेडरिक कॉन्स्टंट या घराने पडदा नसलेले, काट्यांनीच चालणे आणि झोप दाखविणारे घड्याळ काढले. त्यातील घट दोन वर्षांहून अधिक चाले. २०१८ साली याच घराने आणखी पुढची मजल मारली. आपोआप किल्ली बसणारे खरेखुरे दात्यांचे यंत्र आणि पावले मोजणारा विजेचा भाग, दोन्ही एकाच डबीत घातले. खरा संकर म्हणावयाचा तर हा.

या सगळ्यात २०१६ हे वर्ष आमच्या मते गाठीचे आहे. बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने उभा राहिला, आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हाती देण्यात आली. दहावीला चांगले गुण मिळाले, नोकरी लागली, लग्न ठरले की एच.एम.टी. घेण्याची चाल दोन पिढ्या आपल्या घरांतून होती. त्या एच.एम.टी. वॉचेसला कुलूप लावण्यास २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्याच महिन्यात टायटनने एचपी कंपनीच्या जोडीने ‘जक्स्ट’ नावाचे काट्यांचे पण फोनशी बोलणारे घड्याळ बाजारात आणले. आणि त्याच वर्षी, ज्या सिटिझनने बंगळूरला घड्याळ करावयास शिकविले, तिनेच जिनेव्हाचे फ्रेडरिक कॉन्स्टंट विकत घेतले. याच सुमारास विदिंग्ज ही सतरा कोटी युरोंना फिनलंडच्या नोकियाकडे गेली. दोन वर्षांनी नोकियाने ती मूळ संस्थापकाला परत विकली. मध्यंतरी ज्यांनी ती घड्याळे घेतली त्यांच्या तबकडीवर नोकियाचे नाव राहिले. पुढे कोणी जुन्या वस्तूंचा संग्राहक त्यावर डोके खाजवील.

पावलांवरून घड्याळ लवकरच नाडीवर आले. तबकडीच्या पाठीशी हिरवा दिवा बसविला. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, तेव्हा प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजता येतात. २०१९-२० पासून विदिंग्जच्या घड्याळांत हृदयाचा विद्युत्-आलेखही निघू लागला. मनगटावर घड्याळ, आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच्या कडेवर. अर्ध्या मिनिटात आलेख तयार. हे वाचताना लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांची आठवण व्हावी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी असा आलेख काढणारे जे यंत्र बांधले त्याचे वजन सहाशे पौंडांच्या आसपास होते आणि ते चालवावयास पाच माणसे लागत. रोग्याने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचे. रोग्याला दवाखान्यातून हलविणे कठीण, म्हणून दीड किलोमीटर अंतरावरच्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेतून त्याचे हृदय ‘पाठवीत’. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले. आज ते सारे पाटाच्या रांगोळीतल्या एका ठिपक्याएवढे झाले आहे. पण ठिपका तो ठिपकाच. दवाखान्यात बारा अंगांनी पाहतात, घड्याळ एका अंगाने पाहते. ठोक्यांतला एका जातीचा बेतालपणा त्याला ओळखता येतो, आणि त्यावर वेळीच औषध चालू झाले तर पुढचा पक्षाघात टळू शकतो, हे त्याचे मोल मोठे आहे. हृदयविकाराचा झटका मात्र त्याला कळत नाही. छातीत कळ आली असता काटा ठीक दाखवितो म्हणून घरी बसून राहणे जिवावर बेतेल. हे आम्ही मुद्दाम येथे सांगतो, कारण सभागृहात साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ आहेत.

आता नैनसिंगांकडे पुन्हा वळावे लागते. त्यांनी पावले मोजली ती दुसऱ्याच्या देशाचा नकाशा गुपचूप तयार व्हावा म्हणून. मोजणारा जाणून मोजत होता, आणि ज्यांच्या भूमीवर तो मोजत होता ते अजाण होते. २०१८ च्या जानेवारीत याच्या उलट प्रकार उघडकीस आला. धावण्याचालण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीने आपल्या कोट्यवधी नोंदी एकत्र करून जगाचा एक प्रकाशचित्रासारखा नकाशा प्रसिद्ध केला होता. जेथे माणसे अधिक चालली तेथे उजेड अधिक. शहरे उजळली, यात नवल नाही. पण अफगाणिस्तान आणि सीरिया यांच्या अंधाऱ्या माळरानांवरही काही रेघा लखलखताना दिसल्या. त्या परदेशी लष्करी तळांच्या कुंपणांच्या आणि आतल्या रस्त्यांच्या रेघा होत्या. शिपाई सकाळी तळाला फेऱ्या मारीत, मनगटावरचे यंत्र इमानाने मोजीत असे, आणि त्या फेऱ्यांतून ज्या तळांचा ठावठिकाणा उघड व्हावयाचा नव्हता त्यांचा आराखडा जगापुढे आला. येथे मोजणारा कोण आणि अजाण कोण? नैनसिंगांची टिपणे प्रार्थनाचक्रात होती आणि चक्र त्यांच्या हातात होते. आपली टिपणे कोठल्या चक्रात आहेत आणि ते कोणाच्या हातात फिरते, हे घड्याळ घेताना दुकानदाराला विचारणारा गिऱ्हाईक आम्ही अजून पाहिला नाही.

दुसरी शंका वारशाची. या घड्याळांचे रूप जुने, म्हणून ती जुन्या घड्याळासारखी टिकतील असे वाटते. डबी पोलादी, काच नीलमण्याच्या जातीची, ती टिकतीलही. पण त्यातील मोजणारा भाऊ कंपनीच्या अन्नावर जगतो. अमेरिकेच्या फॉसिल कंपनीने २०१५ साली मिसफिट ही मोजणी-यंत्रांची कंपनी सव्वीस कोटी डॉलरांना घेतली, आपल्या अनेक नावांखाली हायब्रीड घड्याळे काढली, आणि २०२४ च्या जानेवारीत या धंद्यातून अंग काढून घेतल्याचे जाहीर केले. कंपनी थांबली की फोनातला तिचा कारभार आज ना उद्या थांबतो. पेरलेच्या काळचे घड्याळ आजही हुशार कारागिराला उघडता येते, कारण त्याचे सारे रहस्य त्याच्याच पोटात आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही आमच्या पेठेतील एका घड्याळजीकडे तेल-सफाईला दिलेली ‘जनता’ आणावयास गेलो होतो. तेथे एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या मुलाने परदेशातून चारपाच वर्षांपूर्वी पाठविलेले असे एक घड्याळ बंद पडले होते. फार देखणे, पांढरी तबकडी, निळे काटे. घड्याळजीने भिंग डोळ्याला लावले, पाठ उघडली, नाण्याएवढा घट बदलला. काटे क्षणभर थरथरले आणि चालू लागले. मास्तरांचा चेहरा खुलला. पण घड्याळ तीन वाजून दहा मिनिटे दाखवीत होते आणि बाहेर दिवेलागण झाली होती. घड्याळजीने वेळ लावण्यासाठी बाजूची चावी ओढून पाहिली. ती ओढण्याची नव्हतीच. काटे फिरविण्याची चावी घड्याळात नसून फोनात होती. मास्तरांनी फोन काढला. तो नवा होता. जुन्या फोनातले ते प्रकरण नव्यात आले नव्हते, आणि कंपनीकडून ते आता उतरवून घेता येईना. मुलाला फोन लावावा तर तिकडे पहाट व्हावयाची होती.

‘ह्यो लहान काटा कशाचा?’ घड्याळजीने विचारले.

‘तो पावलांचा,’ मास्तर म्हणाले, ‘पावलं राहू द्या हो. वाजले किती एवढं सांगेल असं करा.’

घड्याळजीने ते घड्याळ एका पाकिटात घालून त्यावर त्यांचे नाव लिहिले आणि उद्या सकाळी मुलाशी बोलून यावयास सांगितले. मग आमची ‘जनता’ उचलून तिला किल्ली दिली, कानाला लावली, आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सात वाजून पाच मिनिटांवर आणून ठेवली.